उसाच्या ट्रॉलीनं घरचा माणूस गेला. भरपाईचा दावा कसा उभा राहतो आणि कुठं अडतो?

सोलापूर : गाळप हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातल्या रस्त्यांची रात्र बदलते. पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस, माढा, करमाळा या पट्ट्यात अंधार पडला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागं एक कारखान्याकडं निघतात. मागं लाल दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, नाहीतर बाहेर आलेल्या वाढ्यांमागं लपलेला. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन डांबरावरच उभी असते, चाकाला दगड लावून ड्रायव्हर टायरच्या शोधात गेलेला असतो. दूध घालून किंवा पाळी संपवून घरी निघालेला मोटारसायकलवाला मागून तिच्यावर जातो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ग्रामीण रुग्णालय, शवविच्छेदन, अंत्यविधी, दहावा, तेरावा. घर सुन्न असतं. पण याच दोन आठवड्यांत पोलिसांचे कागद तयार होतात आणि भरपाईच्या दाव्याचं निम्मं भवितव्य त्या कागदांवर ठरून जातं. तेराव्यानंतर कुणीतरी म्हणतं, "क्लेम टाका." तोवर ट्रॉली जाग्यावरून हललेली असते आणि पंचनाम्यावर सह्या झालेल्या असतात.

मोटार वाहनामुळं मृत्यू झाला तर वारसांना मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढं भरपाई मागता येते. जिल्हा न्यायाधीशच हे काम बघतात. अपघात जिथं झाला तिथं, किंवा वारस जिथं राहतात तिथं, किंवा गाडीमालक जिथं राहतो तिथं, कुठंही दावा दाखल करता येतो. बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर माळशिरस तालुक्यात गेला तरी त्याच्या घरच्यांना तारखेला इकडं यावं लागत नाही, बीडलाच दावा टाकता येतो.

फिर्याद मेलेल्या माणसावरच

उभ्या ट्रॉलीवर मागून धडक बसली की बऱ्याचदा गुन्हा मयत मोटारसायकलस्वारावरच नोंदला जातो. "भरधाव वेगात, हयगयीने गाडी चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत" हे वाक्य छापील असल्यासारखं येतं. आरोपीच मयत असल्यानं पोलीस कोर्टात अबेट समरी पाठवतात आणि प्रकरण बंद होतं. घरच्यांना हे कळतं ते विमा कंपनीचा वकील तोच कागद प्राधिकरणापुढं ठेवतो तेव्हा.

रस्त्यात धोका होईल अशा पद्धतीनं गाडी उभी करणं हाच कलम १२२ चा भंग आहे. म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात काय लिहिलंय याला फार किंमत असते. रस्ता किती रुंद, ट्रॉली डांबरावर किती आणि साईडपट्टीवर किती, मागं दिवा चालू होता का, रिफ्लेक्टर होते का, मागं इशारा म्हणून दगड किंवा फांद्या ठेवल्या होत्या का, त्या जागी खांबावर उजेड होता का, ब्रेकचे व्रण किती लांब. पंच बहुतेक वेळा गावातलेच असतात. त्यांनी वाचून सही करायला हवी. बरेच पंच वाचत नाहीत, हे कडू असलं तरी खरं आहे.

त्या रात्री तिथं पोचलेल्या पोरांनी ट्रॉली हलवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवले तर पुढं त्याचा मोठा आधार होतो. ट्रॉलीचा मागचा भाग, नंबर प्लेट, आणि लांबून असा एक फोटो की ज्यात रस्त्याची कड दिसेल. फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात, पण पुराव्याला मूळ मोबाईल आणि त्यासोबतचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून तो हँडसेट दावा संपेपर्यंत विकू नये, फॉरमॅट करू नये.

पंचनामा चुकीचा झाला किंवा फिर्याद उलटी झाली असं वाटलं तर घरच्यांनी लगेच लेखी अर्ज द्यायचा. आधी पोलीस ठाण्यात, नाहीच ऐकलं तर उपविभागीय पोलीस अधिकारी आणि पोलीस अधीक्षकांकडं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. त्या अर्जानं तपास बदलेलच असं नाही. पण दोन वर्षांनी उलटतपासणीत "तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?" असं विचारलं जातं, तेव्हा तो शिक्का दाखवता येतो. शिवाय प्राधिकरणाला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कुणाची बाजू अधिक संभवनीय वाटते एवढंच तिथं बघतात. म्हणून समरी झाली, किंवा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर फौजदारी कोर्टात सुटला, तरी भरपाईचा दावा तेवढ्यानं मरत नाही. प्रत्यक्ष पाहणारा एक साक्षीदार उभा राहिला तर चित्र बदलतं. चूक दोघांची असली तर प्राधिकरण टक्केवारी ठरवतं आणि मयताच्या वाट्याची टक्केवारी रकमेतून वजा होते. मयताकडं लायसन्स नव्हतं एवढ्यावरून चूक त्याचीच, असं मात्र होत नाही.

आणखी एक गोष्ट दवाखान्याच्या बाबतीत. जखमी माणूस वीस-पंचवीस दिवस सोलापूर किंवा पुण्याच्या दवाखान्यात राहतो, पैसे संपतात, डॉक्टर आशा सोडतात, घरचे त्याला घरी आणतात आणि दोन दिवसांत तो जातो. अशा वेळी 'आता कशाला देह फाडायचा' म्हणून शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकतात. भावना समजण्यासारखी आहे. पण दाव्यात कंपनी हमखास म्हणते की मृत्यू अपघातानं झाला याचा पुरावा काय? डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचे रिपोर्ट, बिलं यांवर वकील झगडतो, पण शवविच्छेदन अहवाल नसला की वाट अवघड होते. घरी मृत्यू झाला तरी पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घेणं हाच शहाणपणा.

मुदतीचा घोळ

पूर्वी अशा दाव्याला मुदत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनं अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टापुढं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश देऊन, निव्वळ सहा महिने उलटले म्हणून दावे फेटाळू नयेत असं सांगितलं. पण अंतरिम आदेश म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. सहा महिन्यांच्या आत दावा टाकणं हेच बरं.

नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाला पाठवायचा असतो. हा अहवालच दावा म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं यावर सविस्तर सूचनाही दिल्या. नियम चांगला आहे. पण तालुक्याच्या ठाण्यात एका हवालदाराकडं किती तपास असतात हे गावाला ठाऊक आहे, तेव्हा अहवाल गेला का, हे घरच्यांनीच विचारत राहावं लागतं.

दुसरी मुदत याहून लहान आहे आणि ती जास्त चुकते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाच्या खातेदार शेतकऱ्याचा, किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याचा, अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं प्रस्ताव द्यायचा असतो. याला कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. मात्र इथं मयत स्वतः गाडी चालवत असेल तर लायसन्स विचारलं जातं. प्राधिकरणातला दावा वेगळा आणि हे अनुदान वेगळं. एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

'मिटवून टाका'

ट्रॅक्टरमालक बहुतेक वेळा शेजारच्याच गावचा असतो, कधी भावकीतलाच. दहाव्यालाच कुणी थोर माणूस बाजूला घेऊन सांगतो, "झालं ते झालं, माणूस काय परत येतोय? तोही गरीबच आहे. लाखभर देतोय, लिहून द्या आणि मिटवा." शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं जातं की आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

इथं गावाचा एक गैरसमज असतो. भरपाई ट्रॅक्टरमालकाच्या खिशातून जाणार, त्याची जमीन विकली जाणार, असं लोक धरून चालतात. ट्रॅक्टरचा विमा चालू असेल, लायसन्स-परवाना ठीक असेल, तर रक्कम विमा कंपनी भरते. त्यासाठीच तर मालक दरवर्षी हप्ता भरतो. अशा वेळी लाखावर मिटवणं म्हणजे कंपनीचे पैसे वाचवणं. मालकालाही हे कुणीतरी समजावून सांगायला हवं, मग त्याचा विरोध बऱ्याचदा मावळतो. विमा आहे का हे गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन अॅपवर दिसतं. तारखेबरोबर पॉलिसी किती वाजता काढली तेही बघावं. अपघातानंतर तासाभरानं काढलेली पॉलिसी त्या अपघाताला चालत नाही.

विमा नसेल तर मात्र मालक स्वतः जबाबदार. निकालानंतरही त्यानं पैसे दिले नाहीत तर ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. कायद्यात हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात वर्षं जातात.

भरपाईचा हिशोब

भरपाई न्यायाधीशांच्या मनावर असते असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सुप्रीम कोर्टानं २००९ च्या सरला वर्मा निकालात आणि ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालात हिशोबाची रीत ठरवून दिली आहे, आणि ती कोणालाही वहीवर मांडता येते.

समजा, मयत शेतकरी ३८ वर्षांचा आहे. मागं बायको, दोन लेकरं आणि आई. प्राधिकरणानं त्याचं उत्पन्न महिना १५ हजार धरलं. ४० च्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. यातून माणूस स्वतःवर जो खर्च करतो तो वजा जातो. दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. इथं चार जण, म्हणून चौथा हिस्सा गेला, राहिले १ लाख ८९ हजार. आता वयाप्रमाणे गुणक. ३६ ते ४० वयाला तो १५ आहे. गुणून झाले २८ लाख ३५ हजार.

याशिवाय सहवास हरपल्याबद्दल पत्नीला, प्रत्येक मुलाला आणि आईला स्वतंत्र रक्कम मिळते. २०१७ साली ती ४० हजार ठरली होती आणि दर तीन वर्षांनी त्यात १० टक्के वाढ सांगितली आहे. दोन वाढींनंतर ती ४८ हजार ४०० झाली. अंत्यविधीचा खर्च आणि मालमत्तेचं नुकसान यांचे तेव्हाचे १५-१५ हजार याच रीतीनं प्रत्येकी १८ हजार १५० झाले. सगळं मिळून या घराचा आकडा ३० लाख ६४ हजार ९०० होतो. त्यावर दावा दाखल केल्यापासून व्याज.

आता उत्पन्न १५ ऐवजी ८ हजारच धरलं गेलं तर? बाकी सगळं तेच, फक्त २८ लाख ३५ हजारांच्या जागी १५ लाख १२ हजार येतात. सव्वातेरा लाखांचा फरक, आणि तो पडला तो माणूस काय कमवत होता हे दाखवणारा कागद नव्हता म्हणून. वय वाढलं की गुणक उतरतो, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११. वाढीची टक्केवारीही ४० ते ५० वयाला २५ आणि ५० ते ६० ला १० होते. म्हणून वयाचा दाखला शाळेचाच द्यावा. आधार कार्डावर १ जानेवारी जन्मतारीख टाकलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत.

'जमीन तर जाग्यावरच आहे की'

शेतकऱ्याच्या दाव्यात कंपनीचा वकील एक प्रश्न हमखास विचारतो. "जमीन आजही तुमच्याच नावावर आहे ना? त्यात पीक येतंय ना?" विधवा बाई साक्षीच्या पिंजऱ्यात खरं तेच सांगते, "हो, येतंय." आणि कंपनी म्हणते, मग नुकसान कसलं?

या मुद्द्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. सुप्रीम कोर्टानंही म्हटलं आहे की जमीन वारसांकडं राहते, त्यामुळं जमिनीचं सगळं उत्पन्न बुडालं असं धरता येत नाही. बुडते ती त्या माणसाची मेहनत आणि देखरेख. पण ही देखरेख म्हणजे काय हे कोर्टाला दाखवावं लागतं, आणि ते बहुतेक दाव्यांत दाखवलंच जात नाही. नुसता सात-बारा जोडून देतात. सात-बारा मालकी दाखवतो, घाम दाखवत नाही.

रात्री दोनला लाईट आली की मोटर चालू करायला कोण जायचं? बागेची फवारणी, छाटणी कोण करायचं? आज त्याच कामाला गडी लावला तर वर्षाला किती जातात? जमीन बटईनं दिली असेल तर आधी पूर्ण माल घरात यायचा, आता निम्मा येतो. तो बटईचा व्यवहार तोंडी न ठेवता लिहून ठेवला, गड्याचा पगार बँकेतून दिला, ट्रॅक्टर भाड्याच्या पावत्या ठेवल्या, तर नुकसान आकड्यात उभं राहतं. जमीन करणारा माणूस गेल्यावर पडीक पडली असेल तर पीक पाहणीत ते दिसतं.

जमिनीबाहेरची कमाई तर पूर्णच बुडते. दूध संकलन केंद्राच्या दहा दिवसांच्या चिठ्ठ्या, कारखान्याची ऊस बिलं आणि वजनपावत्या, बाजार समितीतल्या अडत्याच्या पट्ट्या, डाळिंब-द्राक्ष व्यापाऱ्याकडून खात्यावर आलेल्या रकमा, पीककर्जाचा उतारा, मयत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर किंवा टेम्पोवर जात असेल तर मालकाचं पत्र आणि त्या मालकाची साक्ष. एवढं जमवलं तर पंधरा काय, वीस हजारही सिद्ध होऊ शकतात. पण या चिठ्ठ्या आपल्याकडं कुठं असतात? खिशात विरघळतात, नाहीतर चुलीत जातात. दूध संघाकडून आणि कारखान्याकडून मागच्या तीन वर्षांचा उतारा लेखी अर्जानं मागून घेता येतो, हे लक्षात ठेवावं.

मयताचा एलआयसीचा विमा मिळाला म्हणून दाव्यातली रक्कम कमी होत नाही. हा निकाल सुप्रीम कोर्टानं १९९८ साली आपल्याच राज्य परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात दिला होता.

बाई गेली तर

बायको किंवा आई अपघातात गेली तर घरचेच सांगतात की ती काही कमवत नव्हती, घरीच असायची. वकिलाच्या कारकुनानं अर्जात 'गृहिणी, उत्पन्न नाही' लिहिलं की झालं. जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं गृहिणीच्या कामाचं मोल पैशात धरायचं आणि त्यावर भविष्यातली वाढही द्यायची, असं स्पष्ट केलं. आणि खेड्यातली बाई नुसती गृहिणी तरी कुठं असते? दोन म्हशींच्या धारा, शेण, वैरण, खुरपणी, शेजारच्या शेतात रोजानं जाणं, बचत गटाचा व्यवहार. गटाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, डेअरीतलं तिच्या नावाचं खातं हे सगळं पुरावा म्हणून चालतं. ऊसतोडीला कोयत्यावर नवरा-बायको जोडीनं जातात, त्यातली बाई गेली तर निम्मी उचल तिची असते, हेही प्राधिकरणापुढं मांडायला हवं.

कंपनी हात कुठं झटकते

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला माणूस पडून मेला तर कंपनी जबाबदारी नाकारते, आणि बहुतेक वेळा कोर्टही ते मान्य करतं. ट्रॅक्टरवर सीट एकच, ड्रायव्हरची. उसावर बसून निघालेल्या मजुरांचंही तेच. क्वचित कोर्ट 'आधी कंपनीनं भरावं आणि मग मालकाकडून वसूल करावं' असा आदेश देतं, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. मजूर कामावर असताना गेला असेल तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या दाव्याचा रस्ता आहे. दोन्ही ठिकाणी दावा करता येत नाही, एक निवडावा लागतो.

दुसरी अडचण ट्रॉलीची. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो. कधी ट्रॉलीला नंबरच नसतो. पॉलिसी शेतीकामापुरती आणि ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतुकीच्या करारावर, हाही मुद्दा निघतो. लायसन्सच्या वादात थोडा दिलासा मिळाला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असा निकाल दिला.

मयत स्वतःच घसरून गेला, समोर दुसरी गाडीच नव्हती, तर कलम १६६ चा उपयोग नाही. तेव्हा त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर होतं का ते बघायचं. तीन-चारशे रुपये वाचवायला लोक नेमका हाच हप्ता टाळतात.

गाडी सापडलीच नाही

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही तर मृत्यूसाठी दोन लाखांची तरतूद आहे. १ एप्रिल २०२२ च्या आधी ही रक्कम २५ हजार होती. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा, कोर्टात नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर ठाणे अंमलदारानं या योजनेची माहिती घरच्यांना लेखी द्यावी. असं पत्र मिळालं नसेल तर मागावं.

आणि मोटारसायकल धडकली ती ट्रॉलीवर नाही, टायरच्या बैलगाडीवर? बैलगाडी मोटार वाहन नाही. तिच्या मालकाविरुद्ध प्राधिकरणात दावा चालत नाही. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा करावा लागतो, मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. शेतात तुटलेल्या विजेच्या तारेनं माणूस गेला तरी रस्ता हाच, आणि तिथं विद्युत निरीक्षकाचा चौकशी अहवाल सगळ्यात महत्त्वाचा.

वकील, वारस आणि पैसे

शवविच्छेदनाच्या खोलीबाहेरच काही जण वकीलपत्राचा कोरा कागद घेऊन येतात. कोऱ्या कागदावर अंगठा-सही देऊ नये. निकालाच्या रकमेत टक्का ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमांतच बसत नाही, तरी ते सर्रास चालतं. पासबुक आणि सही केलेले चेक वकिलाच्या कार्यालयात ठेवून घेतले जात असतील तर तिथून उठावं. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, टोल फ्री नंबर १५१००.

सासर-माहेरचा वाद हा दाव्यातला न बोलला जाणारा भाग. सून माहेरी गेली की सासरचे तिचं नाव वगळून दावा टाकतात, नाहीतर ती एकटीच टाकते आणि सासूला वगळते. दोन्हींमुळं निकाल अडतो. आई, पत्नी, मुलं सगळी नावं एकाच दाव्यात असावीत, वाटा प्राधिकरण ठरवतं. विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिचा हक्क जात नाही, असं मुंबई हायकोर्टानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं. १९-२० व्या वर्षी विधवा झालेल्या मुलीनं भरपाईसाठी आयुष्यभर तसंच राहावं, ही कंपनीची अपेक्षा कोर्टाला पटली नाही.

मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहते. बाकीची थेट खात्यावर येते. लोकअदालतीत तडजोड केली तर पैसे लवकर मिळतात, पण त्यावर अपील नाही, म्हणून वर दिलेला हिशोब आधी वहीवर मांडून मगच आकडा कबूल करावा. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं. सोलापूर जिल्ह्याची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं जातात. अपील करायला कंपनीला २५ हजार किंवा रकमेच्या निम्मे, यातलं जे कमी असेल तेवढंच आधी भरावं लागतं. उरलेली रक्कम भरल्याशिवाय वसुलीला स्थगिती देऊ नये, अशी मागणी घरच्यांच्या वकिलानं पहिल्याच तारखेला करायची असते.